जुन्या भाड्याच्या दुकानातून मालक काढू पाहतो तेव्हा: संरक्षण कशात आहे आणि ते कसे हातचे जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पेठेतल्या एका वाड्यात २२० चौरस फुटांचे कापडाचे दुकान १९६४ पासून भाड्याने आहे. आधी आजोबा आणि नंतर वडील भाडेकरू होते. वडील दोन वर्षांपूर्वी वारले आणि पावत्या अजून त्यांच्याच नावाच्या आहेत. वाडा विकला गेला आहे. नवा मालक अठरा महिने भाडे घेत नाही. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे: भाडे थकले आहे, मेहुण्याला भागीदार घेऊन पोटभाडेकरू ठेवला आहे, वाडा पाडायचा आहे, तीस दिवसांत दुकान खाली करा. सोबत तोंडी निरोप आहे की ‘छत्तीस महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करून द्या, मग काही त्रास होणार नाही.’

सर्वात आधी शेवटच्या गोष्टीचे उत्तर देतो. तो लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीपुरता जागा वापरण्याचा परवाना करार, कोणत्याही परिस्थितीत करू नका. आज तुमच्याकडे जो हक्क आहे तो त्या एका सहीने संपू शकतो. जुना भाडेकरू स्वतःहून नवा परवाना करार करतो तेव्हा त्याने आधीचा भाडेहक्क सोडून दिला असा अर्थ मालक लावतो, आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १११ मधील गर्भित समर्पणाची (वागण्यातून हक्क सोडल्याचे मानण्याची) तरतूद त्याला आधार देते. छत्तीस महिने संपले की तुम्ही मुदत संपलेले परवानाधारक उरता. ‘कागद फक्त अद्ययावत करायचे आहेत’, ‘सोसायटीला लागतो’, ‘कराच्या नोंदीसाठी हवा’ अशी कारणे सांगून हाच कागद पुढे केला जातो. त्याच माळेतले आणखी दोन कागद म्हणजे कोऱ्या पावतीवरची सही आणि ‘दुरुस्तीपुरती’ चावी दिल्याचे पत्र.

तुम्ही नेमके कोणत्या कायद्याखाली आहात

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याने मुंबईचा १९४७ चा कायदा, विदर्भातला १९४९ चा आदेश आणि मराठवाड्यातला १९५४ चा हैदराबाद कायदा या तिन्हींची जागा घेतली. राहण्याबरोबरच शिक्षण, धंदा, व्यापार आणि साठवणूक यांसाठी दिलेल्या जागांनाही तो लागू होतो, पण अनुसूचीत दिलेल्या क्षेत्रांतच. दुकान लहान ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर आधी ती अनुसूची तपासा. गाव तिच्यात नसेल तर फक्त मालमत्ता हस्तांतरण अधिनियम उरतो, आणि त्यात महिन्यावारी भाडेपट्टा पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपतो.

कायदा लागू असलेल्या शहरातही काही जागा त्याच्या बाहेर आहेत. सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागा बाहेर आहेत, त्यामुळे महापालिकेच्या मार्केटमधला गाळा या कायद्याने वाचत नाही. आयुर्विमा महामंडळ किंवा बंदर प्राधिकरणासारख्या केंद्रीय संस्थेच्या इमारतीला सार्वजनिक जागांबाबतचा १९७१ चा कायदा लागतो, आणि तो भाडे कायद्याला मागे सारतो असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये अशोका मार्केटिंग प्रकरणात ठरवले. तिथे निष्कासनाच्या आदेशावर अपील करायला फक्त बारा दिवस मिळतात. तिसरा अपवाद भाडेकरूकडे पाहून ठरतो: बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या, आणि भरणा झालेले भागभांडवल एक कोटी रुपये किंवा जास्त असलेल्या कंपन्या यांना कलम ३ प्रमाणे संरक्षण नाही.

देवस्थान किंवा इतर सार्वजनिक न्यासाच्या इमारतीत गाळा असेल तर आणखी एक तपासणी करावी लागते. बिगरशेती जागेचा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा पट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध ठरत नाही. तीस वर्षांचा पट्टा हातात आहे म्हणून निर्धास्त असलेल्या गाळेधारकांनी त्या परवानगीचा आदेश क्रमांक पट्ट्यात आहे का ते आजच पाहावे.

तुमची जागा खासगी वाड्यात, पुणे महापालिकेच्या हद्दीत आहे आणि भाडे १९६४ पासून चालू आहे. म्हणजे संरक्षण पूर्ण आहे. आता मालकाला तुम्हाला काढायचे तर कलम १५ किंवा १६ मधले एखादे कारण सिद्ध करून न्यायालयाचा हुकूमनामा (ताबा देण्याचा निकाल) मिळवावा लागेल. ‘मला जागा हवी, मी मालक आहे’ एवढे पुरत नाही, आणि तीस दिवसांची मुदत संपली म्हणून काही आपोआप होत नाही. मात्र अशा बहुतेक दाव्यांत मालकाला ते कारण भाडेकरूच्याच वागण्यातून मिळालेले असते. म्हणून पुढची कारणे वाचताना आपल्या दुकानात त्यांतले काय घडले आहे याचा प्रामाणिक हिशोब करा.

भाडे: इथेच सर्वात जास्त दुकाने जातात

भाडे द्यायला तयार आणि राजी असलेल्या भाडेकरूला काढता येत नाही, हे कलम १५ चे सूत्र आहे. ‘मालक घेत नाही’ म्हणून शांत बसणे म्हणजे तयार असणे नव्हे. दर महिन्याला देऊ केल्याचा पुरावा हवा. धनादेश पोचपावतीच्या टपालाने पाठवा, मनीऑर्डर करा, किंवा मालकाचा खाते क्रमांक माहीत असेल तर थेट जमा करून ‘अमुक महिन्याचे भाडे’ असा उल्लेख ठेवा. परत आलेला लिफाफा न उघडता जपून ठेवा. दावा दाखल होण्याआधीच कोर्टात भाडे भरत राहता येते असा समज आहे. काही राज्यांत तशी सोय आहे, पण आपल्या कायद्यात तशी सर्वसाधारण तरतूद नाही. भाड्याच्या रकमेचाच वाद असेल तर मात्र कलम ८ खाली प्रमाणभाडे (कायद्याप्रमाणे योग्य भाडे) ठरवून घ्यायचा अर्ज करता येतो आणि त्यात न्यायालय भरायची रक्कम ठरवून देते.

आता मुदती पाहू. थकबाकी मागणारी लेखी नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवस संपल्याखेरीज मालक थकबाकीचा दावा लावू शकत नाही. म्हणून तुमच्या नोटिशीतली ‘तीस दिवस’ ही मुदत बाजूला ठेवा, पण लिफाफ्यावर तो मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, कारण नव्वद दिवस तिथून मोजले जातील. या काळात सगळी थकबाकी पाठवून दिली की या कारणाचा दावा उभाच राहत नाही.

तेही हुकले तर कायदा आणखी एक संधी देतो. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत संपूर्ण थकबाकी, त्यावर दरसाल पंधरा टक्के सरळ व्याज, आणि नंतर निकाल लागेपर्यंत दर महिन्याचे भाडे कोर्टात भरले, शिवाय न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर या कारणावर हुकूमनामा होत नाही. तुमचे भाडे महिना ६०० रुपये धरले तर १८ महिन्यांचे १०,८०० रुपये होतात. व्याज प्रत्येक महिन्याच्या भाड्यावर वेगळे धरायचे: पहिल्या महिन्याचे अठरा महिने, शेवटच्याचे एक महिना, म्हणजे एकूण १७१ महिन्यांचे व्याज. ६०० गुणिले १७१ गुणिले दरमहा सव्वा टक्का, असे १,२८२ रुपये ५० पैसे येतात. एकूण १२,०८२ रुपये ५० पैसे. एवढ्या रकमेसाठी लाखोंचे दुकान जाते, कारण कुणीतरी व्याज विसरतो, कुणी वार्षिक वाढ धरत नाही, कुणी पहिला भरणा करून पुढचे तीन महिने कोर्टात फिरकत नाही. ‘नियमितपणे’ हा शब्द न्यायालये अक्षरशः घेतात. मुदत वाढवून मिळेल या भरवशावर राहू नका. रकमेबद्दल शंका असेल तर जास्तीची रक्कम हक्क राखून भरा आणि वाद नंतर घाला.

कलम ११ प्रमाणे मालकाला दरसाल चार टक्के वाढ घेण्याचा हक्क आहे. त्याने ती मागितली असेल तर ती देऊन टाकावी. चोवीस रुपयांसाठी भांडून थकबाकीदार ठरण्यात शहाणपण नाही.

पावती देणे मालकावर कलम ३१ ने बंधनकारक आहे आणि न देणे हा दंडपात्र गुन्हा आहे. तो पावती देत नसेल तर रोखीने एक रुपयाही देऊ नका.

नवा मालक आणि जुनी थकबाकी याबद्दल एक मुद्दा. वाडा विकला गेला तरी भाडेहक्क तसाच राहतो आणि खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो. त्याला भाडेकरूच्या संमतीची गरज नसते. विक्रीची सूचना मिळण्यापूर्वी तुम्ही जुन्या मालकाला भाडे दिले असेल तर ते पुन्हा द्यावे लागत नाही. उत्तरात मालकी नाकारू नका. फक्त खरेदीखताची प्रत मागा आणि भाडे कोणत्या खात्यात भरायचे ते लेखी विचारा.

वडिलांनंतर भाडेकरू कोण

धंद्याची भाडेदारी वारसांकडे जाते हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८५ मध्ये ग्यान देवी आनंद प्रकरणात स्पष्ट केले. आपल्या कायद्याच्या कलम ७(१५)(ड) मध्ये क्रम दिला आहे: मृत्यूच्या वेळी भाडेकरूबरोबर ती जागा त्याच धंद्यासाठी वापरणारा कुटुंबातला सदस्य पहिला. तसा कुणी नसेल तर कोणताही वारस. वारसांत एकमत नसेल तर न्यायालय ठरवते. तुम्ही वडिलांबरोबर दुकानात बसत होता हे दाखवणारे कागद आताच गोळा करा: गुमास्ता परवान्यावरचे नाव, जीएसटी नोंदणीतला अधिकृत सहीचा तपशील, तुमच्या सहीची खरेदी बिले, बँकेतला सहीचा अधिकार. आई, बहिणी, भाऊ यांच्याकडून ‘भाडेकरू म्हणून अमुक यांना मान्यता’ असे लेखी घ्या आणि त्याची प्रत मालकाला पोचपावतीसह पाठवा. भावंडांतला वाद हा मालकाचा आवडता मार्ग असतो. नाराज भावाकडून ताबा सोडल्याचे पत्र घेतले की त्याचे अर्धे काम झाले.

मृत्युपत्राने भाडेहक्क कुणाला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये वसंत प्रताप पंडित प्रकरणात मुंबईच्या जुन्या कायद्याखाली ठरवले आहे. पुतण्याला किंवा जुन्या नोकराला मृत्युपत्राने दुकान ‘लिहून दिले’ असेल तर त्यावर विसंबू नका.

मेहुणा भागीदार: हा मुद्दा सर्वात नाजूक

बेकायदा पोटभाडे हे कलम १६(१)(ई) मधले कारण आहे. भागीदारी म्हणजे पोटभाडे नव्हे, पण ती खरी असली पाहिजे. १९८७ च्या हेल्पर गिरधरभाई प्रकरणात खऱ्या भागीदारीला संरक्षण मिळाले. २००४ च्या परविंदर सिंग प्रकरणात भागीदारीचा मुखवटा लावून जागा दुसऱ्याला दिल्यास न्यायालय तो बाजूला सारेल असे ठरले. न्यायालय भागीदारीपत्राच्या शीर्षकाकडे पाहत नाही. दुकानाच्या चाव्या कुणाकडे, बँक खाते कोण चालवतो, मालाची ऑर्डर कोण देतो, नफातोट्यात तुमचा खरा हिस्सा आहे की दरमहा ठराविक रक्कम मिळते, हे पाहते. ठराविक रक्कम घेऊन घरी बसणारा भागीदार हा कायद्याच्या नजरेत पोटभाडे घेणारा असतो.

भागीदारीपत्रात स्पष्ट लिहा की दुकानाचा भाडेहक्क ही फर्मची मालमत्ता नाही, तो भाडेकरूकडेच राहील, आणि भाडेकरू निवृत्त झाल्यास इतर भागीदारांनी जागा सोडायची. भाडे तुमच्या खात्यातून जाऊ द्या. वीज मीटर, गुमास्ता, जीएसटी यांपैकी एकही गोष्ट फक्त मेहुण्याच्या नावावर नको.

हाच धोका धंदा कंपनीत बदलताना येतो. कंपनी ही वेगळी व्यक्ती असते. भाडेकरूने आपल्या नावाचा धंदा प्रायव्हेट लिमिटेड केला आणि कंपनी जागा वापरू लागली, की हस्तांतरण झाले असे मालक म्हणतो. न्यायालयाच्या आदेशाने झालेले कंपन्यांचे विलीनीकरणही सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या सिंगर इंडिया प्रकरणात पोटभाड्याच्या कारणातून सोडले नाही. कर सल्लागार कंपनी करायला सांगतो तेव्हा त्याला भाड्याच्या जागेची कल्पना द्या.

पागडीने दुकान विकायचे असेल तर कलम ५६ ने आता पागडी घेणे देणे कायदेशीर आहे, पण भाडेहक्क दुसऱ्याला देण्यासाठी मालकाची संमती लागतेच. मालक त्यासाठी वाटा घेतो. मुंबईत तो बऱ्याचदा एक तृतीयांश असतो. ती प्रथा आहे, कायद्यात ठरवलेला दर नाही. संमती लेखी, पावती नव्या नावाची, आणि दस्त नोंदलेला, हे तिन्ही एकाच दिवशी व्हावेत.

बंद दुकान आणि बांधकाम

दाव्याच्या आधी सलग सहा महिने, वाजवी कारण नसताना, जागा ज्या कामासाठी घेतली त्यासाठी वापरली नाही तर कलम १६(१)(न) लागते. मुलगा नोकरीला लागला, दुसरीकडे मोठे दुकान घेतले, इथे फक्त शटर खाली: अशी दुकाने मालक फोटो काढून ठेवतो. सहा महिन्यांची वीज बिले शून्य युनिटची असतील तर उलटतपासणीत उत्तर देता येत नाही. दुकान दिवसातून चार तासच उघडलेत तरी चालेल, पण रोजची विक्री, वीज वापर आणि जीएसटी विवरणपत्रे त्या पत्त्यावरची असू द्या. आजारपणामुळे बंद असेल तर वैद्यकीय कागद ठेवा आणि मालकाला तसे पत्र द्या.

कायम स्वरूपाचे बांधकाम मालकाच्या लेखी संमतीशिवाय केले तर तेही काढण्याचे कारण ठरते. लाकडी पडदी, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन यंत्र, धुराडे, हवेसाठी खिडकी अशी कामे, लागेल तिथे पालिकेच्या परवानगीने केलेली, कायद्याने वगळली आहेत. पोटमाळ्याचा आरसीसी स्लॅब, भिंत फोडून शेजारचा गाळा जोडणे, पुढे ओटा वाढवणे ही वगळलेली नाहीत. पोटमाळा जुना असेल तर जुने फोटो आणि करआकारणीचा उतारा उपयोगी पडतो.

‘मला स्वतःला जागा हवी’

कलम १६(१)(ग) हे मालकाचे सर्वात भक्कम कारण आहे, कारण आपली गरज काय हे मालकालाच चांगले कळते असे न्यायालये मानतात. म्हणून भाडेकरूने सगळा जोर ‘गरज खोटी आहे’ यावर लावणे चूक आहे. खरी लढाई कलम १६(२) मध्ये आहे: हुकूमनामा दिल्याने कुणाचा त्रास जास्त होईल. इथे भाडेकरूला पुराव्याने जिंकता येते. मालकाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या नावावरच्या इतर मिळकतींचे सूची क्रमांक दोनचे (दस्तनोंदणीच्या इंडेक्स टूचे) उतारे काढा, मिळकत पत्रिका काढा, त्यांतले कोणते गाळे दाव्याच्या काळात रिकामे झाले किंवा दुसऱ्याला दिले ते शोधा. दावा चालू असताना असे काही घडले तर कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) दुरुस्ती करून घ्या, नाहीतर तो पुरावा वाचला जाणार नाही.

दुसरी बाजू तुमची. तुम्ही पर्यायी जागा शोधली का, हा प्रश्न उलटतपासणीत ठरलेला असतो. ‘नाही’ हे उत्तर महाग पडते. दलालांशी झालेला पत्रव्यवहार, सांगितलेले भाडे आणि अनामत, त्या परिसरातले दर, तुमची मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रे: हे सगळे नोटीस येताच जमवायला लागा. न्यायालय जागेचा काही भागच मालकाला देऊ शकते, तेव्हा वास्तुविशारदाकडून आराखडा तयार ठेवा. एवढे करूनही हुकूमनामा झाला आणि ताबा घेतल्यावर मालक महिन्याभरात जागा वापरायला लागला नाही, किंवा वर्षाच्या आत ती दुसऱ्याला दिली, तर मूळ भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत जागा परत मागू शकतो. दुकान सोडल्यावर त्या रस्त्याने जात राहा, शटरवरच्या नव्या पाटीचा तारखेसह फोटो काढा.

वाडा धोकादायक असल्याची नोटीस

पुण्यात महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची, मुंबईत तिथल्या महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस येते. काही वाडे खरोखर पडायला आले आहेत आणि तिथे पावसाळ्यात बसून राहणे म्हणजे गिऱ्हाइकांचा आणि कामगारांचा जीव पणाला लावणे. तिथून बाहेर पडा. पण मालकाच्या अहवालावर विसंबू नका. नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून स्वतःचा अहवाल घ्या आणि दोन अहवालांत तफावत असेल तर पालिकेला लेखी कळवा. इमारत दुरुस्त होण्याजोगी असेल आणि मालक करत नसेल तर भाडे कायद्याच्या कलम १४ प्रमाणे किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू दुरुस्ती करू शकतो, मात्र भाड्यातून वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्शाइतकेच वळते करता येते. सहाशे रुपये भाड्यात ते वर्षाला १,८०० रुपये होतात, म्हणजे खर्च प्रत्यक्षात भाडेकरूंनीच वाटून घ्यावा लागतो.

इमारत पाडली म्हणजे भाडेहक्क संपला असे मालक ठामपणे सांगतो. ते चूक आहे. शहा रतनसी खिमजी प्रकरणात, सांगली-मिरज भागात महापालिकेने पाडलेल्या इमारतीबाबत, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१४ मध्ये ठरवले की बांधकाम गेले तरी भाडेहक्क जमिनीवर टिकून राहतो. त्यासाठी बाहेर पडण्यापूर्वी तीन गोष्टी हव्यात: पालिकेने केलेली भाडेकरूंची आणि त्यांच्या क्षेत्रफळाची लेखी नोंद, दुकानाचा मोजमापासह नकाशा व चित्रीकरण, आणि ‘हक्क राखून ताबा सोडत आहे’ असे पत्र.

पुनर्विकासाच्या करारात दुकानदाराने क्षेत्रफळाच्या पुढे पाहावे. तळमजला, रस्त्याकडचे तोंड, शटरची रुंदी, छताची उंची, समोर खांब किंवा जिना नसणे, या गोष्टी नकाशावर खुणेसह लिहून घ्या. २२० फूट मागच्या बाजूला किंवा पहिल्या मजल्यावर मिळाले तर धंदा निम्म्यावर येतो. पर्यायी जागेचे भाडे किती, दरवर्षी किती वाढणार, काम लांबले तर काय, बँक हमी कोणत्या रकमेची, नवी जागा मालकीची की भाड्याची, हे नोंदणीकृत करारात असावे. मुंबईच्या उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींना विकास नियंत्रण नियमावलीचा विनियम ३३(७) लागतो. तिथे ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते आणि बिगरनिवासी भाडेकरूला जुन्याइतके क्षेत्र मिळते. त्यामुळे संमतीपत्रावर सही करणाऱ्या पहिल्या निम्म्या लोकांकडेच बोलणी करण्याची ताकद असते. मालकाने पाडण्यासाठी हुकूमनामा घेऊन ताबा घेतला असेल तर ताबा दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत ‘नव्या इमारतीत जागा हवी’ असे लेखी कळवायला विसरू नका.

कुलूप, वीज आणि दमदाटी

मालक कुलूप लावण्याची शक्यता वाटत असेल तर वाट पाहू नका. पुण्यात लघुवाद न्यायालयात, लघुवाद न्यायालय नसलेल्या गावी कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे, भाडेकरू असल्याची घोषणा आणि कायदेशीर मार्गाखेरीज ताबा घेऊ नये असा मनाई हुकूम मागणारा दावा दाखल करा. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, स्वच्छतेच्या सोयी मालकाने तोडल्या तर कलम २९ खाली अर्ज केल्यावर न्यायालय त्या पुन्हा सुरू करायला लावते. कॅव्हेटही (आमचे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी न्यायालयाला आगाऊ सूचना) दाखल करा. ती नव्वद दिवस टिकते, नंतर नव्याने द्यावी लागते.

खरोखर बाहेर काढलेच तर सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दावा लावा. तिथे मालकी कुणाची हा प्रश्नच नसतो, फक्त ताबा कुणाचा होता आणि तो बेकायदा घेतला का एवढे पाहतात, आणि त्या निकालावर अपील नाही. सहा महिने उलटले की हा सोपा मार्ग बंद होतो.

मालकाने मिळकत गहाण ठेवली आणि बँकेने सरफेसी (थकीत कर्जासाठी तारण ताब्यात घेण्याच्या) कायद्याखाली ताबा घ्यायला सुरुवात केली तरी भाडे कायद्याखालचा खरा भाडेकरू सुटतो, असे विशाल कलसारिया प्रकरणात २०१६ मध्ये ठरले. मात्र २०१९ च्या बजरंग श्यामसुंदर अग्रवाल प्रकरणानंतर भाडेदारीचा ठोस पुरावा मागितला जातो. पावत्यांची फाइल इथेही कामी येते.

हुकूमनामा झाल्यावर

अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे. मुंबईत ते लघुवाद न्यायालयाच्याच अपील पीठाकडे, इतरत्र जिल्हा न्यायालयात जाते. स्थगिती मिळते, पण २००४ च्या आत्माराम प्रॉपर्टीज आणि २००९ च्या सुपर मॅक्स निकालांनंतर तिच्यासाठी बाजारभावाने भरपाई भरावी लागते. तुमच्या भागात दर चौरस फुटाला महिना शंभर रुपये धरला तर २२० फुटांचे दरमहा २२,००० रुपये. सहाशेवरून इथे उडी मारण्याची तयारी नसेल तर तडजोडीची बोलणी हुकूमनाम्याच्या आधी करा, नंतर नव्हे. तडजोड पुरशीसमध्ये (न्यायालयात दाखल करायच्या लेखी निवेदनात) रक्कम, ताबा देण्याची तारीख आणि पैसे आधी कसे मिळणार हे स्पष्ट लिहा.

आज नवे दुकान घेणाऱ्यासाठी

नव्या दुकानदाराला मालक भाडेपट्टा देत नाहीत, लीव्ह अँड लायसन्स देतात. भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ही जबाबदारी मालकाची आहे आणि नोंद नसेल तर अटींबाबत तुमचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. तो तुम्हाला भाडेकरू बनवत नाही, आणि सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे मालकाने जागा विकली तर खरेदीदार त्या परवान्याला बांधील नसतो. म्हणून सजावटीवर पंधरा लाख घालण्यापूर्वी मिळकत विकल्यास भरपाईची अट, मालकावरही बंधनकारक असा न सोडण्याचा काळ, आणि सजावटीचा खर्च वर्षागणिक किती परत मिळेल हे करारात घ्या. नोंदणीकृत दीर्घ पट्टा मिळत असेल तर ‘उभयपक्षी संमतीने नूतनीकरण’ ही अट निरुपयोगी आहे. ‘भाडेकरूच्या इच्छेनुसार, अमुक टक्के वाढीने, याच अटींवर’ असे शब्द हवेत.

तुमच्या बाबतीत या आठवड्यात करायचे काम असे. अठरा महिन्यांचे भाडे व्याजासह नव्या मालकाला धनादेशाने पाठवा. नोटिशीला वकिलामार्फत उत्तर द्या: वारसा, भाडे देण्याची तयारी, मेहुण्याबरोबरची खरी भागीदारी, आणि लायसन्स करण्यास नकार. घरच्या वारसांचे संमतीपत्र घ्या. भागीदारीपत्र तपासा, पण जुन्या तारखेने काहीही बदलू नका. दुरुस्ती आजच्या तारखेच्या पूरक करारानेच करा. १९६४ पासूनच्या सापडतील तेवढ्या पावत्या स्कॅन करून मूळ प्रती दुकानात नव्हे, घरी ठेवा.